हँडलवरच्या डबीतलं तेल

सावदा,
६ नोव्हेंबर २०२४

अन्वर मिस्तरी, पारोळा रोड, धुळे, यांस,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मनात नाही.

मी झुलाल पुना महाजन, योगराजचा आजोबा. तुम्ही त्याच्या मोटारसायकलीचं जे काही करून ठेवलं आहे, त्याबद्दल हे पत्र. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर माणूस हो हो म्हणतो आणि विसरतो. हे रजिस्टर आहे. पोस्टमन तुमची सही घेतल्याशिवाय हलणार नाही.

दिवाळीआधी योगराज धुळ्याला आला तेव्हा त्याची गाडी धडधाकट होती. परत आणली तर पुढच्या चाकाला ताटाएवढी डिस्क, तिच्याकडे जाणारी स्टीलच्या जाळीची नळी, पुढच्या शॉकअपमध्ये जाड स्प्रिंगा आणि मागे गॅसचा शॉकअप. मी विचारलं, जुन्याला काय धाड भरली होती? तर म्हणतो, "आजोबा, घाट उतरताना गाडी डुलायची. आणि ब्रेक दाबला की तो विचार करून लागायचा."

विचार करून लागतो तोच चांगला ब्रेक, असं माझं मत आहे.

कंपनीने मोठमोठे इंजिनिअर बसवून गाडी बनवली. ती तुम्ही पारोळा रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये सुधारणार? मी अडतीस वर्षं केळीच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवला आहे. मला यंत्र शिकवू नका. विहिरीत पोहणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधला की ते काठ सोडून खोल पाण्यात शिरतं. तुम्ही पोराला भोपळा बांधून दिला आहे. दर रविवारी उजाडायच्या आत चार मित्र घेऊन तो पालच्या घाटात जातो. तो परत येईपर्यंत मी ओट्यावर असतो. चहा आणलेला तसाच राहतो.

त्याचे आईबाप सुरतेला आहेत. पोरगं माझ्या पदरात आहे. काही वाकडं झालं तर सुरतेला फोन मला करावा लागेल, तुम्हाला नाही.

तेव्हा जुनं सामान परत बसवून द्या. लेखी उत्तर पाठवा.

झुलाल पुना महाजन
(इयत्ता पाचवी, पण डोळे शाबूत)


धुळे,
१३ नोव्हेंबर २०२४

झुलाल आबांना अन्वरचा आदाब.

तुमचं रजिस्टर मिळालं. सही केली. आमच्या घरात रजिस्टर आलं की कोर्टाचं असतं असा समज आहे. सलीमा, माझी बायको, चूल बंद करून बाहेर येऊन उभी राहिली. मी वाचलं आणि हसलो, तेव्हा ती आत गेली. राग मानू नका, तुमच्या भोपळ्याला हसलो.

आबा, माझ्याकडे रोज पोरं येतात. सायलेन्सर फाडून द्या म्हणतात, इंजिन पळवून द्या म्हणतात. मी त्यांना चहासुद्धा विचारत नाही. माझा नियम आहे. थांबायचं सामान लावतो, पळायचं लावत नाही. योगराज आला तेव्हा त्याने पळायचं काहीच मागितलं नाही. तो म्हणाला, वळणात खड्डा आला की पुढचं चाक हातातून निसटल्यासारखं होतं. मी गाडी स्वतः लळिंगच्या घाटात नेऊन पाहिली. पोरगा खरं बोलत होता. तशीच परत दिली असती तर मला झोप आली नसती.

ब्रेक वेग वाढवत नाही, आबा. वेग माणसाच्या मनगटात असतो. तुम्ही नको म्हटलं तरी तो घाटात जाणार. तर मग थांबणारी गाडी घेऊन जावो.

जुनं सामान बांधून ठेवलं आहे. योगराज स्वतः म्हणाला तर उद्या बसवीन. गाडी त्याची आहे.

चहा गरम असताना पीत जा.

अन्वर


सावदा,
२५ नोव्हेंबर २०२४

अन्वर मिस्तरी,

माझ्या चहाची काळजी तुम्ही करू नका.

तुमचं गोड पत्र वाचून मी जवळजवळ विरघळलो होतो. पण अल्ला आणि विठोबा दोघांनी मिळून आज माझे डोळे उघडले. तुमची लबाडी सापडली आहे.

योगराज केळीच्या पॅकिंग हाऊसवर कामाला जातो. या आठवड्यात मालकाची जीप न्यायला येते, म्हणून गाडी अंगणात उभी असते. मी सकाळी तिच्याभोवती फिरून बघत होतो. उजव्या हँडलवर ब्रेकच्या तेलाची डबी आहे, तिला छोटी काच आहे. काचेत तेल एका अंगाला उतरलेलं दिसलं. म्हटलं, महिनाभरात तेल गळायला लागलं की काय? दोन स्क्रू काढून झाकण उघडलं. बोट घातलं.

मिस्तरी, ते तेल नाही. पाणी आहे! पिवळसर, पातळ पाणी. बोटाला चिकटेना, बुळबुळीत लागेना. अडतीस वर्षं तेलात हात घातलेले आहेत माझे, मला तेल कळतं. त्यातला एक थेंब टाकीवर पडला तर दुपारपर्यंत तिथला रंग उठला. म्हणजे नुसतं पाणीही नाही, अ‍ॅसिडसारखं काहीतरी आहे. हे तुम्ही माझ्या नातवाच्या ब्रेकमध्ये भरता? वर लिहिता, झोप आली नसती?

आरडाओरड केली नाही. घरातली माणसं घाबरतात. ते पाणी कापसाच्या बोळ्याने टिपून काढलं आणि डबीत ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल भरलं. नवा डबा फोडून भरलं. जे तेल दोन टन वजन उचलतं ते एवढ्याशा ब्रेकला भारी नाही. नंतर ब्रेक दाबून पाहिला. झकास लागतो.

योगराजला सांगितलं नाही. त्याचा तुमच्यावर फार विश्वास आहे, तो तुटायला नको. बघा, तुमची अब्रू मी झाकतो आहे.

झुलाल महाजन


सावदा,
३ डिसेंबर २०२४

अन्वर,

आता मिस्तरी म्हणवत नाही.

योगराज पडला. परवा रविवारी, पालचा घाट उतरताना. मित्र म्हणतात, वेग काही नव्हता, पुढचं चाक आपोआप जाम झालं आणि गाडी आडवी होऊन घसरत गेली. डाव्या खांद्याची हासळी मोडली आहे. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं गेलं आहे. फैजपूरच्या दवाखान्यात पट्टा बांधला. डॉक्टर म्हणाले, समोरून ट्रक असता तर पट्टा बांधायला कोणी राहिलं नसतं.

सुरतेला फोन मीच केला. सुनेने पहिल्यांदा फक्त "आबा" एवढंच म्हटलं. पुढचा तिचा आवाज मला ऐकवला नाही.

तुमचा तो ताटाएवढा ब्रेक! थांबायचं सामान लावतो म्हणालात ना? थांबवलंत! असं थांबवलंत की पोरगं सहा आठवडे हात हलवणार नाही. कंपनीचा ब्रेक निदान विचार तरी करत होता.

मी आता गप्प बसणार नाही. सावद्याच्या बसस्टँडवर, पॅकिंग हाऊसवर, जिथे जाईन तिथे तुमचं नाव घेऊन सांगतो आहे. रावेरची दोन पोरं पुढच्या आठवड्यात गाड्या घेऊन तुमच्याकडे यायची होती. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बापांना सांगून आलो. योगराजही आता तुमचं नाव घेत नाही. हिलाल पिकअपवाला गाडी तुमच्याकडे टाकायला येतो आहे. उघडा आणि बघा स्वतःची करणी.

झुलाल पुना महाजन


धुळे,
९ डिसेंबर २०२४

झुलाल आबा,

योगराज जिवानिशी वाचला याबद्दल शुक्र आहे. आधी ते. आता मी जे लिहिणार आहे ते रागात लिहितो आहे, आणि तो राग मी लपवत नाही.

तुमचं २५ तारखेचं पत्र मला २ डिसेंबरला, सोमवारी मिळालं. पोरगा रविवारी पडला. तुम्ही फोन केला असता तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो, की गाडीला कोणी हात लावू नका. एक फोन, आबा. पण तुम्हाला माझी सही हवी होती. पत्र वाचल्या वाचल्या मी योगराजला फोन लावला. तो दवाखान्यातून त्याच्या मित्राने उचलला.

हिलालभाऊ गाडी घेऊन आले. त्यांच्यासमोर आणि शेजारच्या लेथवाल्यासमोर ब्रेक उघडला. आत काय होतं ते समजेल असं सांगतो.

ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. त्यात तेल नसतं. ते पातळच असतं, बोटाला बुळबुळीत लागत नाही आणि रंगावर पडलं तर रंग खातं. सगळ्या दुनियेत, सगळ्या गाड्यांत. ब्रेकच्या आत रबरी वायसर असतात. त्यांना खरं तेल लागलं की ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगतात. फुगले की दाबलेला ब्रेक सुटत नाही. घासत राहतो, तापतो, आणखी आवळतो, शेवटी चाक धरून बसतो. मी काढलेले रबर दुपटीने फुगलेले आहेत. बाटलीत घालून ठेवले आहेत.

आणि तेल कमी झालंच नव्हतं. गाडी साइड स्टँडवर कललेली असते, तेल एका अंगाला जातं, काचेतून उतरल्यासारखं दिसतं. सरळ उभी करून बघितली असती तर भरलेली दिसली असती. हे मी योगराजला सांगितलं होतं. घरात ट्रॅक्टर चालवलेले आबा आहेत, त्यांनाही सांगून ठेव, असं म्हणायला हवं होतं. तेवढी चूक माझी.

बाकीची माझी नाही. एकतीस वर्षं मी हे काम करतो. माझ्या हातचा ब्रेक आजवर अडकला नाही. रावेरची पोरं आली नाहीत. काल शहाद्याच्या एका माणसाने फोन करून विचारलं, "काय हो, तुमच्या ब्रेकने पोरगं मेलं म्हणे?" सावद्याहून शहाद्याला पोचेपर्यंत तुम्ही योगराजला मारूनही टाकलंत.

माझं नाव तुम्ही जिथे जिथे घेतलंत तिथे तिथे जाऊन परत ठेवा. एवढंच मागतो.

अन्वर


सावदा,
१६ डिसेंबर २०२४

अन्वर मिस्तरी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मला काही पटलं नाही.

तेल ते तेल. तेलाने रबर फुगतं हे मी जन्मात ऐकलं नाही. आमच्या ट्रॅक्टरला काय रबर नाहीत? तिथे का फुगत नाहीत? तुमचे रबर हलके असतील. आणि ज्याला ऑइल म्हणायचं त्यात ऑइल नसतं, हा कुठला न्याय? उद्या म्हणाल दुधात दूध नसतं. त्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं सगळं इंग्रजीत आहे. मराठीत एक ओळ लिहिली असती तर कंपनीचं काय गेलं असतं? ज्यांच्या अंगणात गाड्या उभ्या असतात त्यांना वाचता येईल असं कोणी लिहीत नाही, आणि मग चूक म्हाताऱ्याची!

मी चूक केली असं मी म्हणत नाही. समजा झाली असेल, तर पाणी दिसल्यावर कोणताही माणूस तेच करेल.

भागाबाईला, माझ्या मंडळीला, मी तुमचं पत्र वाचून दाखवलं नव्हतं. तिने माझ्या तोंडावरून ओळखलं; त्या दिवशी फोडलेला तेलाचा डबा तिने पाहिला होता. ती अंमळनेरकडची, फटकळ आहे. म्हणाली, "तेल तुम्हीच टाकं व्हतं ना? मंग आते कसाले बोंबली ऱ्हायनात? तो मिस्तरी भला माणूस शे." मी म्हटलं, तुला काय कळतं? ती म्हणाली, "माले ब्रेक नही कळत. तुम्ही कळतस."

तीन दिवसांपासून ती माझ्या ताटात भाकरी वरून टाकते.

एक मागणी आहे. माझं २५ नोव्हेंबरचं पत्र मला परत पाठवा. ते घाईत लिहिलं होतं. ते योगराजला दाखवू नका. तो रात्री खांदा दुखला की मलाच हाक मारतो. उशी मी लावतो, दुसऱ्या कोणाच्या हातची त्याला चालत नाही. बस. एवढं करा.

झुलाल महाजन


धुळे,
२१ डिसेंबर २०२४

झुलाल आबा,

तुमचं २५ नोव्हेंबरचं पत्र सोबत पाठवतो आहे. झेरॉक्स काढलेली नाही. हिलालभाऊ आणि लेथवाल्याला रबर दाखवले, पत्र दाखवलं नाही. तेल कोणी भरलं हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते ज्याचं त्याला माहीत.

योगराजला मी सांगणार नाही. आजोबाबद्दल असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ कोणावर येऊ नये.

मात्र माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही. माझ्या बाजूने बोलेल असा एकच कागद होता. तो तुमच्या हातात आहे.

अन्वर


सावदा,
४ जानेवारी २०२५

अन्वरभाई,

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी ते भिंतीवरच्या फोटोमागे ठेवलं. चार दिवस ठेवलं. तुमच्यावर माझा फार संताप झाला होता. पत्र तुम्ही ठेवून घेतलं असतं, मला धमकावलं असतं, तर मी तुमच्याशी भांडलो असतो आणि सुखाने जेवलो असतो. ते परत पाठवून तुम्ही मला भांडायला जागा ठेवली नाही. अशी वागणूक शत्रूसुद्धा देत नाही.

पाचव्या दिवशी पॅकिंग हाऊसवर गेलो. दुपारची वेळ होती. बायका फण्या धुऊन खोक्यात भरत होत्या, हिलाल पिकअप लावून उभा होता. योगराज एका हाताने खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. ज्या ठिकाणी उभा राहून तुमचं नाव घेतलं होतं, त्याच ठिकाणी उभा राहिलो आणि माझं पत्र मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून. तुम्हाला लबाड म्हटलेलंही वाचलं. अल्ला आणि विठोबापाशी आलो तेव्हा बायका हसल्या. ट्रॅक्टरच्या तेलापाशी आलो तेव्हा हसायच्या थांबल्या.

हिलाल म्हणाला, "आबा, म्हणजे तेल तुम्ही टाकलं?"

मी म्हटलं, "वाचतोय ना मी? कान नाहीत का तुला?"

"अहो, पण तुम्ही तर महिनाभर त्या मिस्तरीला..."

"तेच सांगायला आलोय. मधे बोलू नको, ओळ चुकते."

शेवटपर्यंत वाचलं. तुमची अब्रू मी झाकतो आहे, हे वाक्यही वाचलं. मग सांगितलं, धुळ्याच्या मिस्तरीचा ब्रेक चांगला होता. तो मी बिघडवला. ज्याने ज्याने माझ्याकडून उलटं ऐकलं असेल त्याने आज सुलटं करून पुढे सांगावं. तीच गोष्ट बसस्टँडवर सांगितली. रावेरच्या दोन्ही घरी एसटीने जाऊन आलो. एका बापाने मला पाणी दिलं, दुसऱ्याने दार अर्धंच उघडलं. पोरं तुमच्याकडे येतील. शहाद्याला माझी ओळख नाही. तिथलं तुम्हीच मला सांगा, कोणाकडे जायचं.

योगराजने फक्त एवढं विचारलं, "कोणत्या वारी भरलं होतं?"

मी म्हटलं, "सोमवारी."

तो म्हणाला, "सहा दिवस. रविवारी निघतानाच ब्रेक कडक वाटत होता. मला वाटलं पॅड नवे आहेत, बसत असतील." आणि चिठ्ठ्या चिकटवायला लागला.

त्याला आता सहा दिवस झाले. तो माझ्याशी बोलत नाही. खांद्याला उशी स्वतःच लावतो. एका हाताने नीट लागत नाही, मला दिसतं, पण मी उठलो की म्हणतो, "राहू द्या." सुरतेला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. भाकरी मात्र आता ताटात नीट ठेवली जाते.

त्या झाकणाबद्दल माझं मत बदललेलं नाही. मराठीत लिहायला हवं होतं. हे मी कंपनीला कळवणार आहे.

तुमचा अपराधी,
झुलाल


धुळे,
२४ जानेवारी २०२५

झुलाल आबांना अन्वरचा आदाब.

शहाद्याला जाऊ नका. तिथल्या माणसाला मीच फोन केला. तो म्हणाला, मेलेलं पोरगं परत जिवंत झाल्याचं पहिल्यांदाच ऐकतो आहे.

रावेरची पोरं आली. दोघांचं काम सुरू केलं आहे. दोघांनीही येताच मला विचारलं, डबीत काय भरता ते आधी दाखवा. तुमच्यामुळे आता गिऱ्हाईक माझ्या हातातली बाटली वाचून बघतं. ते बरंच आहे.

काल योगराज आला होता. हासळी जुळली आहे, हात वर जातो. त्याची गाडी तयार आहे. सगळे रबर नवे, नळी नवी, आतला तेलाचा शेवटचा थेंबही धुऊन काढला. टाकीवरचा उठलेला रंग भरून देतो म्हटलं, तर तो म्हणाला, राहू द्या तसाच.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे, म्हणून हे पत्र. मागच्या शॉकअपवर एक कडं असतं. ते फिरवून स्प्रिंगेचा ताण ठरवतात. गाडीवर एकटा बसणार असेल तर एक ताण, मागे माणूस असेल तर दुसरा, आणि तो मागच्याच्या वजनाप्रमाणे. दिवाळीला मी एकट्याचा लावला होता. काल तो म्हणाला, "दोघांचा लावा." मी विचारलं, लग्न ठरलं वाटतं? तो म्हणाला, "नाही. मागे बसणारं माणूस म्हातारं आहे. पंचावन्न किलो धरा. रस्ताभर बोलेल, त्याचं वजन वेगळं."

आबा, मी अंदाजावर ताण लावत नाही. पंचावन्न बरोबर आहे का, तेवढं कळवा. यावेळी फोन केला तरी चालेल.

अन्वर


सावदा,
२९ जानेवारी २०२५

अन्वरभाई,

पंचावन्न कोणी सांगितलं? माझ्या तरुणपणीसुद्धा मी पंचावन्न नव्हतो. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, नाहीतर गाडी मागून ताठ राहिली असती आणि वळणात उडाली असती. या पोराला स्वतःच्या आजोबाचं वजन माहीत नाही, आणि निघाला घाटात!

काल पॅकिंग हाऊसवर जाऊन केळीच्या काट्यावर उभा राहिलो. काटा योगराजनेच वाचला. सत्तेचाळीस किलो तीनशे.

पालच्या घाटात मी बसणार नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं आहे. तो म्हणाला, "फैजपूरपर्यंत तरी?"

तुम्ही अठ्ठेचाळीसवर ताण लावा. त्यात कानटोपी धरली आहे.

झुलाल